सरकीची लव आणि दहाचा ठिपका

हिंगोली जिल्ह्यात आता सोयाबीन आणि हळदीचे राज्य असले, तरी कापूस शिवारातून गेलेला नाही. वेचणी होते, कापूस जिनिंगला जातो, रुई वेगळी निघते आणि मागे सरकी उरते. सरकी म्हणजे तेल आणि जनावरांसाठी ढेप, एवढाच तिचा हिशोब घरोघरी असतो. पण जिनिंगमधून बाहेर पडलेल्या सरकीच्या अंगाला आखूड, चिवट लव चिकटलेली असते. तिचा धागा होत नाही. व्यापारात तिला लिंटर म्हणतात. साफ केलेली ही लव म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. तिच्यावर आम्लांची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होते आणि आजच्या प्रत्येक बिनधुराच्या काडतुसातली दारू मुळात याच पदार्थाची असते. जर्मन-स्विस रसायनशास्त्रज्ञ शॉनबाइनने 1846 मध्ये तो शोधला. 1884 मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएयने त्यापासून बंदुकीत वापरता येईल अशी दारू बनवली.

युक्रेनच्या युद्धात युरोपातले तोफगोळे संपू लागले, तेव्हा ही लव एकदम बातम्यांत आली. युरोपीय आयोगाचे तेव्हाचे आयुक्त थिएरी ब्रेतों यांनी 2024 मध्ये जाहीरपणे सांगितले, की दारूसाठी विशिष्ट प्रकारचा कापूस लागतो आणि तो मुख्यतः चीनमधून येतो. त्याच वर्षी सप्टेंबरपासून चीनने अँटिमनीच्या निर्यातीवरही निर्बंध घातले. शिसे कडक करायला अँटिमनी लागते आणि काडतुसाच्या ठिणगीच्या मसाल्यातही त्याचे संयुग वापरतात. दारू असो वा शिसे, सैन्याची मागणी आली की कारखाना आधी तिकडे वळतो. रविवारी सकाळी रेंजवर जाऊन कागदी लक्ष्यावर नेम धरणारा हौशी नेमबाज या रांगेत शेवटी उभा असतो. मग तो जर्मनीतला असो, अमेरिकेतला असो किंवा मराठवाड्यातला.

नेमबाज सराव कमी करतो किंवा थांबवतो, तेव्हा बाहेरच्या माणसाला वाटते की हौस ओसरली असावी. प्रत्यक्षात पुष्कळदा गोळ्याच संपलेल्या असतात. आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर ही टंचाई अधूनमधून येणारे संकट नाही. जिल्ह्याच्या गावातून पुढे आलेला नेमबाज पहिल्या दिवसापासून तिच्यातच वाढतो. तिच्यातून त्याने सरावाची जी पद्धत घडवली, ती नीट पाहण्यासारखी आहे.

आधी काडतूस समजून घेऊ. नेमबाजीच्या खेळात सर्वात जास्त उडते ते पॉइंट टू-टू, म्हणजे 5.6 मिलिमीटरचे छोटे काडतूस. त्याचा थोरला पण आखूड भाऊ, टू-टू शॉर्ट, 1857 मध्ये अमेरिकेत आला. आज जगभर चालणारे लाँग रायफल हे रूप 1887 चे. पितळी टोपण, तळाला बाहेर आलेली कड, आत चिमूटभर दारू आणि पुढे 40 ग्रेनची, म्हणजे सुमारे 2.6 ग्रॅमची शिशाची गोळी. ठिणगी देणारा मसाला त्या कडेच्या पोकळीत फिरवून बसवलेला असतो. पिन कडेवर आपटते, कड चेपते, मसाला पेटतो. एकदा चेपलेली कड पुन्हा पूर्ववत होत नाही, म्हणून टू-टूचे रिकामे टोपण भरून पुन्हा वापरण्याची सोयच नाही. मोठ्या काडतुसांच्या बाबतीत काही देशांतले नेमबाज रिकामी टोपणे घरी भरून टंचाई निभावतात. भारतात विनापरवाना दारूगोळा बनवणे हा शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 चा भंग आहे, त्यामुळे परवान्याशिवाय तो रस्ता इथे खुला नाही. टू-टू मारणारा माणूस जगात कुठेही कारखान्यावरच अवलंबून असतो.

आणि असे कारखाने थोडे आहेत. ऑलिंपिकच्या दर्जाची टू-टू काडतुसे बनवणारी नावे बोटांवर मोजता येतील: इंग्लंडची एली, जर्मनीची आरडब्ल्यूएस, जर्मनीतच तयार होणारी लापुआ आणि एसके. लापुआ ही नॅमो या नॉर्डिक शस्त्रास्त्र समूहाची कंपनी. 2022 मध्ये आरडब्ल्यूएसची मालकी बेरेटा समूहाकडे गेली आणि इटलीच्या लेको गावात 1876 पासून चालणाऱ्या फियोकी कंपनीत चेकोस्लोव्हाक ग्रुपने मोठा हिस्सा घेतला. हा समूह युक्रेनला तोफगोळे पुरवणाऱ्या मोठ्या उद्योगांपैकी एक. खेळाची गोळी आणि रणांगणावरचा तोफगोळा आता एकाच ताळेबंदात बसतात. काय आधी बनवायचे हे तिथे ठरते आणि त्याची झळ कोल्हापूरच्या दुधाळी रेंजपर्यंत पोचते.

अमेरिकेत तर युद्धाचीही गरज पडली नाही. डिसेंबर 2012 मध्ये सँडी हुक शाळेतल्या हत्याकांडानंतर शस्त्रांवर बंधने येतील या धास्तीने लोकांनी दिसेल ते काडतूस उचलले. पुढे बराच काळ टू-टूची खोकी दुकानात पोचताच संपत. 2020 मध्ये कोरोनाची साथ, दंगली आणि निवडणूक एकाच वर्षात आल्या आणि लाखो लोकांनी आयुष्यातली पहिली बंदूक घेतली. नेमके त्याच जुलैत रेमिंग्टन ही जुनी कंपनी दिवाळखोरीत गेली. दुकानांनी माणशी एक-दोन खोक्यांची मर्यादा घातली. सरकारने गोळ्यांवर बंदी आणलेली नव्हती. टंचाई वाढवली ती साठेबाजीने, आणि भीतीने भरलेली कपाटे रिकामी व्हायला वर्षे लागली. प्रत्येक टंचाईत पहिला मोह साठा करण्याचाच होतो, म्हणून हा अनुभव ध्यानात ठेवावा असा आहे.

भारतात साठेबाजीला कायद्यानेच फारशी जागा ठेवलेली नाही. परवान्यावर शस्त्रासोबत दारूगोळ्याची मर्यादा लिहिलेली असते आणि प्रत्येक खरेदीची नोंद होते. खेळाडूंना या नियमांत सवलती आहेत. फेब्रुवारी 2020 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने त्या आणखी वाढवल्या. आंतरराष्ट्रीय पदकविजेत्याला आधी 7 शस्त्रे ठेवता येत, ती संख्या 12 झाली आणि सरावाच्या गोळ्यांची मर्यादाही वर गेली. कागदावर वाट रुंद झाली. पण मर्यादा वाढली म्हणून दुकानात माल येत नाही.

माल येतो दोन वाटांनी. पहिली वाट महाराष्ट्रातलीच आहे. पुण्यातला खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा. के. एफ. हा त्याचा शिक्का देशभरच्या परवानाधारकांना ओळखीचा आहे आणि त्याचे 12 बोअरचे शक्तिमान काडतूस खेड्यापाड्यांतही माहीत आहे. भुसावळजवळच्या वरणगावला 1964 पासून छोट्या शस्त्रांचा दारूगोळा तयार होतो. 1 ऑक्टोबर 2021 पासून हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आले. तिचे मुख्यालयही पुण्यातच. त्यांचे पहिले काम सैन्याचे, हे उघड आहे. शिवाय दहाच्या वर्तुळात सलग गोळ्या बसवायच्या असतील, तर नेमबाजाला परदेशी मॅच काडतूसच हवे असते.

म्हणून दुसरी वाट आयातीची. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना आणि ठरावीक गुणांची पात्रता मिळवलेले नेमबाज सीमाशुल्कात सवलत घेऊन काडतुसे मागवू शकतात. ही संघटना 1951 ची. तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. मूळ कोकणातल्या मराठी घराण्याचे, बडोद्यात जन्मलेले आणि अहमदाबादेत वकिली केलेले दादासाहेब. राष्ट्रीय स्पर्धेच्या पायरीवरची अखिल भारतीय मावळंकर स्पर्धा आजही त्यांच्या नावाने भरते. राज्यातल्या नेमबाजाला आधी महाराष्ट्र रायफल असोसिएशनची कॅप्टन इझिकेल स्मृती स्पर्धा, मग मावळंकर, मग राष्ट्रीय असे चढत जावे लागते. यात एक पेच आहे. स्वस्त आणि चांगल्या गोळ्या मिळण्यासाठी आधी चांगले गुण हवेत, आणि चांगले गुण मिळवायला आधी चांगल्या गोळ्या हव्यात. हा पेच सोडवण्याचे ओझे नवख्या खेळाडूच्या आईवडिलांवर पडते. व्यवस्थेतली ही जागा खरोखर बोचणारी आहे.

हा बोजा किती असतो, ते राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या एका घराने जगाला दाखवले. नेमबाज स्वप्निल कुसाळेचे वडील शिक्षक. 2009 मध्ये मुलगा राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि वर्षभराच्या तयारीनंतर त्याने नेमबाजी निवडली. पॅरिस ऑलिंपिकच्या पदकानंतर घरी पत्रकारांची रीघ लागली, तेव्हा सुरुवातीच्या दिवसांचा हिशोब बाहेर आला. त्या काळी एका गोळीला 120 रुपये पडत होते आणि वडिलांना कर्ज काढावे लागले होते. आकडा छोटा वाटतो. दिवसाला 100 गोळ्या मारायच्या ठरवल्या, तर 12,000 रुपये. महिन्यातले 20 दिवस सराव धरला, तर 2,40,000. कुठल्याही शिक्षकाच्या घराला हे झेपणारे नाही. मग मुलगा गोळी मोजून मारायला शिकतो. एका गोळीची किंमत कळलेला हात चाप घाईने ओढत नाही.

1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या शातोरू इथल्या रेंजवर 50 मीटर थ्री पोझिशन प्रकाराच्या अंतिम फेरीत स्वप्निलने 451.4 गुण मिळवून कांस्यपदक घेतले. पात्रता फेरीत 590 गुणांसह तो सातवा होता. रौप्यपदक गेले युक्रेनच्या सेर्ही कुलिशकडे, ज्याच्या देशात तेव्हा तिसऱ्या वर्षीही युद्ध चालू होते. सुवर्ण चीनच्या लिऊ युकुनचे. या प्रकारात गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून नेम धरायचा असतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरी 120 गोळ्यांची होती. पॅरिसपूर्वी जागतिक संघटनेने ती 60 वर आणली. हेतू स्पर्धा आटोपशीर करण्याचा होता, पण गोळ्या विकत घेणाऱ्या प्रत्येक घराचा खर्च त्यामुळे हलका झाला. उलट 2018 मध्ये महिलांची 10 मीटर स्पर्धा 40 गोळ्यांवरून 60 वर गेली. समानतेच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता, मात्र मुलींच्या सरावाची गरज एका नियमाने दीडपट झाली.

मग कमी गोळ्यांत सराव करायचा कसा? रेंजवरची पोरे त्याला नुसते ‘ड्राय’ म्हणतात. रिकाम्या रायफलने पूर्ण विधी करायचा: पायांची जागा, दस्ता खांद्यात, गाल दस्त्यावर, श्वास, नेम, चाप आणि चाप सुटल्यावरही नजर साइटमध्ये ठेवून थांबणे. फक्त गोळी नसते. धक्का आणि आवाज नसल्याने चाप सुटताना साइट किती हलली ते स्वच्छ दिसते. खऱ्या गोळीच्या वेळी ही हालचाल धक्क्यात झाकली जाते आणि नेमबाज चुकीचे खापर गोळीवर फोडतो. म्हणून गोळ्या भरपूर असलेले नेमबाजसुद्धा ड्राय सोडत नाहीत. टंचाईने लादलेली ही सवय खेळाच्या गाभ्यातलीच निघाली.

ड्रायचे नियम मात्र गोळीबाराइतकेच कडक आहेत. नळी आणि चेंबर डोळ्याने पाहून रिकामे असल्याची खात्री करायची, त्या खोलीत एकही काडतूस ठेवायचे नाही आणि नळी भक्कम भिंतीकडेच. टू-टू रायफलचा चाप रिकाम्या चेंबरवर वारंवार ओढला, तर काही बनावटींत पिन चेंबरच्या कडेवर आपटून खाच पाडते. त्यासाठी ड्रायची वेगळी पिन किंवा प्लग मिळतो. रायफल कोणत्या जातीची आहे ते प्रशिक्षकाला विचारूनच सुरुवात करावी. मॅचच्या एअर रायफलमध्ये बहुधा ड्रायची सोय आतच दिलेली असते.

ज्यांना परवडते ते स्काट लावतात. हे रशियन बनावटीचे उपकरण. नळीवरचा छोटा संवेदक लक्ष्याकडे पाहतो आणि नेम कसा सरकत गेला त्याची रेघ पडद्यावर काढतो. एकही गोळी न मारता दहा-दहाच्या सिरीज होतात. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे रेंज बंद झाल्या, तेव्हा देशातल्या आघाडीच्या अनेक नेमबाजांनी घरच्या भिंतीवर कागद चिकटवून महिनोन्‌महिने असाच सराव केला. उपकरण नसेल, तर कोऱ्या पांढऱ्या कागदाकडे नेम धरून चाप ओढणे हाही जुना, बिनखर्चाचा धडा आहे. समोर लक्ष्यच नसल्याने डोळा धावत नाही आणि बोटाचे काम एकटे उरते. होल्डिंग हा आणखी एक प्रकार, म्हणजे चाप न ओढता नेम धरून स्थिर उभे राहणे. एअर रायफलचे वजन 5.5 किलोपर्यंत असू शकते, थ्री पोझिशनची रायफल 8 किलोपर्यंत. खांदा, कंबर आणि मांडी यांची ताकद गोळ्यांच्या खोक्यातून येत नाही.

हिंगोलीच्या मुलाला या सगळ्यात सर्वात जवळचा दरवाजा एअर रायफलचा. गावाचा बंदुकीशी संबंध जुना आहे. हैदराबाद कंटिंजंटची छावणी 1903 पर्यंत इथे होती आणि आज राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 इथे आहे. पण छावणीच्या आणि पोलिसांच्या गोळ्या सरकारी कामाच्या. खेळासाठी मुंबईची वरळी रेंज पाचशे किलोमीटरहून दूर आणि पुण्याचे बालेवाडी संकुल चारशेहून दूर. शनिवारी सकाळी निघून संध्याकाळी परत येण्यासारखे हे अंतर नाही. शस्त्र नियम 2016 प्रमाणे 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. मॅचची एअर रायफल या मर्यादेच्या खूप आत राहते. उलट 21 वर्षांखालच्या मुलाला बंदुकीचा परवाना मिळत नाही, त्याला प्रशिक्षणापुरती आणि देखरेखीखालीच सवलत असते. शाळेचा हॉल, जुने गोदाम किंवा बंद पडलेली बखळ, 10 मीटर मोकळी लांबी आणि मागे पक्की भिंत मिळाली की छर्रे अडवणारी पेटी लावून, प्रशिक्षकाच्या नजरेखाली सुरुवात होऊ शकते. शालेय क्रीडा स्पर्धांत ओपन साइट, पीप साइट आणि पिस्तूल असे गट असतात. महागडी परदेशी रायफल नसलेल्या मुलाला ओपन साइटमधून पहिली पायरी मिळते.

छऱ्यांचा हिशोबही समजण्याजोगा आहे. एका डबीत 500 छर्रे, प्रत्येक साधारण अर्ध्या ग्रॅमचा. स्पर्धा 60 छऱ्यांची आणि वेळ 75 मिनिटे. त्याआधी नेम जुळवायला साइटर मारावे लागतात, त्यांना मोजणी नसते. साइटर धरून सामन्याला 80 लागले, तर एका डबीत 6 सामने. दहाचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा, टाचणीच्या टोकाएवढा. त्यावर 60 वेळा नेम धरणारे मूल पुढे 50 मीटरवर जाते, तेव्हा तिथले 10.4 मिलिमीटरचे वर्तुळ त्याला अनोळखी वाटत नाही, कारण चाप आणि श्वास तेच असतात. थ्री पोझिशनचे मोठे नेमबाजही टू-टू गोळ्या कमी पडल्या की 10 मीटरवर उतरून हात चालू ठेवतात.

खेळाच्या इतिहासातही हेच घडले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या लष्करी काडतुसांचा खर्च आणि लांबलचक मैदाने परवडत नव्हती, म्हणून ब्रिटिश फौजेत मॉरिस ट्यूब आली. मोठ्या रायफलच्या नळीत बसणारी ही छोटी नळी छोट्या काडतुसाने, थोड्या जागेत सराव करू देई. बोअर युद्धातल्या नेमबाजीने हादरलेल्या इंग्लंडमध्ये 1901 मध्ये छोट्या रायफलच्या क्लबांची संघटना उभी राहिली आणि टू-टूचा खेळ गावोगाव पोचला. एअर रायफल ऑलिंपिकमध्ये आली 1984 साली. खर्च आणि जागा वाचवायला निघालेल्या वाटांवरच आजच्या स्पर्धा भरतात. अभिनव बिंद्राचे 2008 चे ऑलिंपिक सुवर्ण आणि ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलचे 2022 चे कैरोतले विश्वविजेतेपद ही दोन्ही यशे 10 मीटरची.

टंचाईचा दुसरा चेहरा संख्येत दिसत नाही, आणि अनुभवी नेमबाजाला तोच जास्त छळतो. प्रत्येक खोक्यावर लॉटचा, म्हणजे उत्पादनाच्या खेपेचा, क्रमांक असतो. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे, एकाच किमतीचे दोन लॉट एकाच रायफलमधून वेगळे पडतात. एकाच शेतातल्या हळदीचा उतारा दोन वर्षे सारखा निघत नाही, तसेच हे. दारूच्या वजनात किंवा शिशाच्या आकारात डोळ्यांना न दिसणारा फरक 50 मीटरवर मिलिमीटरांत उमटतो. म्हणून मोठे नेमबाज युरोपातल्या चाचणी केंद्रात जातात, रायफल शिकंज्यात घट्ट बसवतात, वेगवेगळ्या लॉटच्या दहा-दहा गोळ्या मारतात आणि ज्याची ग्रुपिंग, म्हणजे लक्ष्यावरच्या छिद्रांचा घोळका, सर्वात लहान, तोच लॉट हजारोंनी विकत घेतात. पुरवठा तुटला की हीच निवड आधी जाते. मिळेल तो लॉट घ्यावा लागतो आणि मन लावून जुळवलेली रायफल पुन्हा अनोळखी होते.

यावर नेमबाजांनी काढलेला उपाय हिशोबी आहे. चांगला लॉट सामन्यासाठी आणि सामन्याआधीच्या थोड्या सरावासाठी राखून ठेवायचा. एरवी खालच्या दर्जाचे काडतूस मारायचे आणि त्याच्या गुणांवर रागवायचे नाही. गुणांऐवजी चाप नीट सुटला की नाही याची नोंद ठेवायची. त्या दिवशी कोणता धडा आहे हे ठरवल्याशिवाय खोके उघडायचे नाही. झोपून 20, उभे राहून 20, मग थांबायचे आणि उरलेला तास ड्रायचा. खोके समोर उघडे असले की हात आपोआप पुढच्या गोळीकडे जातो आणि दहाऐवजी आठ लागला की तो आठ पुसण्यासाठी आणखी दहा गोळ्या उडतात. गोळ्यांचा सर्वात मोठा अपव्यय या चिडीत होतो. हाती 30 गोळ्या असतील, तर 30 वेगळे शॉट मारावेत, प्रत्येकाआधी रायफल खाली ठेवून पुन्हा उचलावी. झोपून मारण्याच्या प्रकारात कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला विश्वविक्रमाशी बरोबरी करून विश्वविजेतेपद मिळवले, तेव्हा 600 पैकी 597 गुण झाले होते. म्हणजे 60 गोळ्यांत अवघे तीन गुण गेले. अशी गुणसंख्या उभी राहते ती प्रत्येक गोळीला पहिली समजून मारल्याने.

शॉटगनच्या नेमबाजांना एवढी सवलत नाही. ट्रॅपमध्ये 110 मिलिमीटरची तबकडी हवेत उडते, फेरीत 25, पात्रतेत 125. पहिला बार हुकला तर दुसरा मारता येतो, त्यामुळे काडतुसे तबकड्यांपेक्षा जास्त लागतात. ड्रायमध्ये बंदूक खांद्याला लावण्याची लय शिकता येते, उडत्या तबकडीपुढे नळी किती न्यायची हे नाही. त्यासाठी तबकडी उडवावीच लागते आणि काडतूस जाळावेच लागते. म्हणून टंचाईचा पहिला फटका यांनाच बसतो आणि लहान जिल्ह्यातून ट्रॅपचा नेमबाज निघणे आज तरी फार कठीण आहे.

मराठवाड्यात आणखी एक शत्रू आहे: ऊन. मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर जातो आणि बंद गाडीच्या आत तो त्याहून कितीतरी वर चढतो. टू-टूच्या गोळीला बाहेरून मेणासारखे वंगण लावलेले असते. तापून ते पाघळले की गोळी नळीत नीट घसरत नाही. दारू तापली की वेगही बदलतो आणि ग्रुपिंग वर-खाली सरकते. औंढा नागनाथहून पुण्याला स्पर्धेसाठी निघालेल्या खेळाडूने काडतुसांची पेटी डिकीत टाकून दुपारभर प्रवास केला, तर जपून ठेवलेला लॉट वाटेतच बिघडू शकतो. थंड, कोरडी, कुलूपबंद जागा, मूळ खोक्यातच ठेवणे, खोक्यावर खरेदीची तारीख आणि जुने आधी वापरणे, एवढी शिस्त पुरते. पावसाळ्यात ओल आणि पितळेवरची हिरवट कीट पाहावी. छऱ्याची मागची कड इतकी मऊ असते, की डबी पडली तरी चेपते. सांडलेले छर्रे पुन्हा डबीत भरण्याऐवजी वेगळे काढून साध्या सरावात वापरावेत. शिसे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलांना डबा खाऊ देऊ नये, हे तर शाळेतल्या प्रत्येक रेंजवर ठळक अक्षरांत लिहून लावावे.

आणि एक गोष्ट जिल्ह्याने मिळून करता येण्यासारखी आहे. एकटा खेळाडू दोन डब्या मागवतो, तेव्हा त्याला लॉट निवडता येत नाही आणि दुकानदाराला त्याच्यासाठी माल राखून ठेवणे परवडत नाही. शाळा, क्लब आणि क्रीडा कार्यालय यांनी वर्षाची गरज जुलैत, शालेय स्पर्धांच्या आधी, एकत्र काढली तर एकाच लॉटच्या डब्या एकदम येऊ शकतात. परवाना न लागणाऱ्या छऱ्यांना हे आजच लागू होते. टू-टूसाठी तेच काम जिल्हा आणि राज्य संघटनेमार्फत, प्रत्येक परवान्याच्या मर्यादेत राहून होते. गोळ्या उसन्या देणे-घेणे मात्र कटाक्षाने टाळावे. मित्राची दहा काडतुसे खिशात टाकून निघालेला नेमबाज कायद्याच्या नजरेत खेळाडू राहत नाही. छर्रे अडवणाऱ्या पेटीत साचलेले वापरलेले शिसे मात्र गोळा करून भंगारात देता येते आणि त्या पैशातून पुढच्या डब्यांचा थोडा खर्च निघतो.